घरच्या फ्लाइट सिम्युलेटरमधलं विमान खऱ्यासारखं उडतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ मध्ये प्रवासी विमानं सुरू झाली, तेव्हापासून सोलापुरात घरी सिम उडवणाऱ्यांचे प्रश्न वाढले आहेत. शाळकरी मुलं विचारतात, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी विचारतात, त्यांचे आईवडीलही विचारतात. बहुतेकांचा रोख एकच असतो: हाताला जे जाणवतंय ते खरं, की सिमचा दोष? उदाहरणांसाठी मी मुद्दाम सेसना १७२एस हे चार जागांचं, एका इंजिनाचं छोटं विमान घेतलं आहे. जवळपास प्रत्येक सिममध्ये ते असतं आणि त्याच्या हँडबुकातले आकडे ताडून पाहता येतात. वेग सगळीकडे नॉटमध्ये (तासाला इतके नॉटिकल मैल), विमानाच्या वेगमापकावर म्हणजे एअरस्पीड इंडिकेटरवर दिसतो तो.

१. घरच्या सिममध्ये विमान खऱ्यासारखं उडतं का? थोडक्यात सांगा.

आकड्यांना उडतं, हाताला नाही. नीट बनवलेल्या विमानात टेकऑफचा वेग, चढण्याचा दर, इंजिन बंद पडल्यावर कापता येणारं अंतर, स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत) हे सगळं हँडबुकाच्या बरंच जवळ येतं. पण खऱ्या विमानात पायलटला योकवर (विमान चालवायच्या हँडलवर) हवेचा जोर जाणवतो, आणि बसल्या जागी शरीराला दाब आणि हिसके जाणवतात. टेबलावरच्या जॉयस्टिकमधून यातलं काहीच येत नाही. म्हणून "फील खोटा वाटतो" अशी तक्रार आली की मी आधी जॉयस्टिक, सेटिंग आणि स्क्रीन तपासायला सांगतो. फ्लाइट मॉडेलवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

२. 'फ्लाइट मॉडेल' म्हणजे नेमकं काय? एक्स-प्लेन आणि मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये फरक काय?

विमानावर या क्षणी किती जोर कुठल्या दिशेने लागतोय हे मोजणारं गणित म्हणजे फ्लाइट मॉडेल. एका पद्धतीत विमानाचे गुणधर्म तक्त्यांत भरलेले असतात: पंखाचा हवेशी एवढा कोन असेल तर एवढी लिफ्ट (वर उचलणारा जोर), एवढं रडर (शेपटीचा डावी-उजवीकडे हलणारा उभा भाग) दिलं तर नाक एवढं वळणार. दुसऱ्या पद्धतीत पंख, शेपूट, प्रोपेलर यांचे लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचा हवेचा जोर काढतात आणि त्यांची बेरीज करतात. एक्स-प्लेन १९९५ पासून या दुसऱ्या वाटेने चाललं आहे, तिला ब्लेड एलिमेंट पद्धत म्हणतात. मायक्रोसॉफ्टनेही २०२० च्या आवृत्तीत तुकडे पाडून मोजणारं नवं मॉडेल आणलं आणि जुनं 'लेगसी' नावाने सेटिंगमध्ये ठेवलं. तुमचं चुकून लेगसीवर राहिलंय का, ते एकदा बघा. फ्लाइटगियर हे सिम फुकट आहे. त्यात जेएसबीसिम किंवा वायसिम यांपैकी कोणतं मॉडेल वापरायचं ते विमान बनवणारा ठरवतो.

तक्ता म्हणजे हलका माल, असा समज करून घेऊ नका. एअरलाइनच्या सिम्युलेटरमध्येही खऱ्या विमानाच्या चाचणी-उड्डाणांतून मिळालेली माहितीच भरलेली असते. तक्त्याची अडचण कडेला येते: जिथपर्यंत माहिती आहे तिथपर्यंत तो उत्तम, त्यापलीकडे अंदाज (पाहा प्रश्न ११).

३. मग सगळ्यात खरं सिम कोणतं?

सिमपेक्षा विमान महत्त्वाचं. एकाच सिममध्ये एक विमान हँडबुकाबरहुकूम चालतं आणि दुसरं नुसतं दिसायला देखणं असतं. लढाऊ विमानांसाठी डीसीएस या सिममधली कॉकपिटसकट सगळ्या यंत्रणा चालवता येणारी विमानं फार मेहनतीने केलेली आहेत. बाकी निवड तुमच्या कॉम्प्युटरवर आणि खिशावर सोडतो.

४. जॉयस्टिकला जरा हात लावला की नाक वर-खाली होतं. खरं विमान इतकं नाजूक असतं का?

नसतं. सेसनाचा योक चांगला वीतभर मागे-पुढे सरकतो. टेबलावरच्या जॉयस्टिकचं टोक त्यामानाने थोडंच हलतं, म्हणजे एलेव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीची) तीच पूर्ण हालचाल तुम्ही कमी अंतरात बसवता. शिवाय खऱ्या विमानात वेग वाढेल तसा योक जड होतो. एसटीच्या खिडकीतून तळहात बाहेर काढला तर वेगाबरोबर तो मागे ढकलला जातो, तोच हा जोर, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० नॉटला योक जोरात ओढायचं पायलटच्या मनातही येत नाही. घरी मात्र ५० नॉटला आणि १२० नॉटला स्प्रिंग तेवढीच हलकी.

यावर उपाय सेन्सिटिव्हिटी कर्व्हचा, म्हणजे जॉयस्टिक किती हलली की विमानाने किती हलायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगचा. मधला भाग थोडा मऊ करा, टोकं पूर्ण राहू द्या. फार मऊ केलंत तर लँडिंगला ऐन वेळी नाक उचलणार नाही, म्हणून थोडं थोडं बदलून बघा. डेड झोन (मध्याजवळचा, जॉयस्टिक हलली तरी सिम दुर्लक्ष करतं तो भाग) मात्र शून्यावर किंवा शक्य तितका कमी ठेवा. डेड झोन मोठा असला की हात हलतो, विमान ढिम्म राहतं, आणि मग एकदम उसळतं. नवशिक्यांचं नाक वर-खाली होण्यामागे पुष्कळदा हेच असतं. जुन्या पोटेन्शिओमीटरवाल्या जॉयस्टिकमध्ये हात सोडल्यावरही कॅलिब्रेशनच्या पडद्यावरची पट्टी थरथरत असेल, तर ती थरथर झाकण्यापुरता डेड झोन द्यावा.

५. ट्रिम कितीही फिरवलं तरी विमान स्थिर राहत नाही. मॉडेल चुकीचं आहे का?

माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि घरच्या सिममधला सगळ्यात मोठा खोटेपणाही इथेच आहे. तो सॉफ्टवेअरमध्ये नाही, स्प्रिंगमध्ये आहे.

खऱ्या सेसनात पायलट नाक हवं तिथे आणतो आणि योक तिथेच धरून ठेवतो. हाताला ओढ जाणवते. मग ट्रिमचं चाक फिरवतो, ओढ कमी कमी होत नाहीशी होते, आणि हात सोडला तरी योक आहे त्या जागीच राहतो. म्हणजे ट्रिममुळे योकची 'मधली जागा'च सरकते. घरच्या जॉयस्टिकची मधली जागा कारखान्यात ठरलेली. तुम्ही जॉयस्टिक मागे ओढून धरली आणि ट्रिम दिलं, तर ओढ कमी व्हायच्या ऐवजी नाक आणखी वर जातं, कारण दोन्हींची बेरीज होते.

म्हणून घरी ट्रिम करायची रीत वेगळी. समजा ९० नॉटला सरळ उडायचंय. आधी जॉयस्टिकने नाक क्षितिजाशी धरा आणि वेग स्थिरावू द्या, घाई नको. मग ट्रिमच्या बटणाची एक टिचकी द्या, आणि नाक जागचं हलणार नाही इतकी जॉयस्टिक सैल सोडा. पुन्हा टिचकी, पुन्हा थोडी सैल. जॉयस्टिक मध्यावर येईल तेव्हा ट्रिम झालं. नजर नाकावर ठेवा, ट्रिमच्या आकड्यावर नको. बटणाची एक टिचकी मोठी उडी घेत असेल तर जॉयस्टिकवरचं रिकामं चाक किंवा स्लायडर ट्रिमला जोडा, लगेच फरक पडेल.

आणखी एक. ट्रिम वेग धरून ठेवतं, उंची नाही. ९० नॉटला ट्रिम केलेल्या विमानात थ्रॉटल वाढवलं तर ते साधारण त्याच वेगाने चढायला लागेल. "ट्रिम केलं तरी चढतंय" अशी तक्रार असेल तर पॉवर जास्त आहे, ट्रिम बरोबर आहे.

६. टेकऑफला विमान डावीकडे पळतं. बग आहे का?

नाही. पायलटच्या जागेवरून पाहताना उजवीकडे फिरणारा प्रोपेलर असलेली विमानं पूर्ण पॉवरला डावीकडे ओढतात, खऱ्यातही. इंजिनाच्या उलट्या प्रतिक्रियेने डाव्या चाकावर भार येतो. प्रोपेलरची हवा पिळा घेत मागे जाते आणि उभ्या शेपटीला डावीकडून धडकते. नाक वर असताना प्रोपेलरचं खाली जाणारं पातं जास्त ओढतं, ते उजव्या बाजूला असतं, म्हणून नाक डावीकडे. मागे चाक असलेल्या विमानात शेपूट उचलताना जायरोस्कोपचा परिणामही यात मिळतो. उत्तर सगळ्याला एकच, उजवं रडर.

सिममध्ये ही ओढ वाजवीपेक्षा जास्त आहे का, हे तपासायचं तर वारा शून्य करा आणि थ्रॉटल तीन-चार सेकंद घेत सावकाश पुढे ढकला. कीबोर्डवरून एका झटक्यात पूर्ण पॉवर दिली तर खरं विमानही झटका देईल. एवढं करूनही सेसनाला पूर्ण उजवं पेडल लागत असेल, तर आधी रडरचं कॅलिब्रेशन बघा, मग त्या विमानाच्या मॉडेलवर शंका घ्या.

७. रडरचे पेडल नाहीत. चालेल का?

पिळता येणारी जॉयस्टिक असेल तर सुरुवातीला चालेल. तेही नसेल तर ऑटो-रडर चालू ठेवा, पण मग एक मोठी गोष्ट शिकायची राहते. डावीकडे वळण घेताना वर जाणारा उजवा पंख हवेची मागे खेचणारी ओढ (ड्रॅग) जास्त खातो आणि नाक आधी उजवीकडे सरकतं, त्याला ॲडव्हर्स यॉ म्हणतात. पेडल त्याच्यासाठी असतात. जॉयस्टिक आधीच असेल तर पुढचे पैसे पेडलला घाला, असंच मी सांगतो.

८. मे महिन्यात लाइव्ह वेदर (त्या वेळचं खरं हवामान) लावून सोलापूरहून सेसना चढतच नाही. रात्री तेच विमान छान चढतं. असं का?

कारण तुमचं सिम बरोबर काम करतंय! सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर आहे. प्रमाणित वातावरणात या उंचीला तापमान १२ अंशांच्या आसपास धरतात. मेच्या दुपारी ४२ असेल तर ३० अंश जास्त झाले. दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर ३,६०० फूट वाढतात. म्हणजे धावपट्टी दीड हजारावर असली तरी विमानाला हवा मिळते ती पाच हजार फुटांवरची, जवळपास कळसूबाईच्या माथ्यावरची. हीच डेन्सिटी अल्टिट्यूड.

टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना अंदाजे ३ टक्के ताकद गमावतं. १८० अश्वशक्तीच्या सेसनाला उरतात दीडशेच्या थोडे वर. पातळ हवेत प्रोपेलरची पकडही कमी. हँडबुकात समुद्रसपाटीला पूर्ण वजनात मिनिटाला ७३० फूट चढण दिली आहे. आपल्याकडच्या मेच्या दुपारी ती सहाशेच्याही खाली येते, आणि जमिनीवरची धाव तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढते. स्टॉलचा इंडिकेटेड (वेगमापकावर दिसणारा) वेग मात्र बदलत नाही. ६५ नॉटचा ॲप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं) ६५ नॉटलाच करायचा, पण हवेतला खरा वेग सुमारे ७० नॉट होतो, म्हणून धावपट्टी जास्त खर्ची पडते.

तरीही "चढतच नाही" म्हणावं इतकं वाईट असेल तर मिक्स्चर (इंजिनात जाणाऱ्या इंधन-हवेचं प्रमाण) बघा. पाच हजारांच्या डेन्सिटी अल्टिट्यूडला मिक्स्चर पूर्ण रिच (इंधन जास्त) ठेवलं तर इंजिन आणखी मरगळतं. पूर्ण पॉवरला आरपीएम सगळ्यात जास्त येईल इतकं ते लीन करा (इंधन कमी करा). शिवाय सिममध्ये चारही जागा आणि दोन्ही टाक्या भरलेल्या नाहीत ना, तेही पाहा.

९. लँडिंगला एक तर विमान तरंगत राहतं, नाहीतर आपटतं. ग्राउंड इफेक्ट जास्त दिलाय का?

बहुधा वेग जास्त असतो. पंखाच्या लांबीएवढ्या उंचीच्या आत आलं की हवेची ओढ (ड्रॅग) कमी होऊ लागते, हाच ग्राउंड इफेक्ट. सेसनाचा पंख ३६ फुटांचा. ६५ ऐवजी ७५ ला आलात तर खरं सेसनाही लांबवर तरंगेल.

आपटण्याचं कारण वेगळं, ते स्क्रीनमध्ये आहे. २४ इंची मॉनिटर ६० सेंटिमीटरवरून बघताना तो तुमच्या नजरेचा जेमतेम ४८ अंशांचा भाग व्यापतो. सिम त्यात बरंचदा याहून जास्त रुंद दृश्य कोंबतं. मग धावपट्टी असते त्याहून लांब आणि लहान दिसते, जमीन जवळ आल्याचं उशिरा कळतं. कडेची नजर तर मिळतच नाही, आणि खरे पायलट उंचीचा अंदाज तिच्यावरच बऱ्याच अंशी घेतात. झूम करून दृश्य अरुंद करा, सीट थोडी वर घ्या, आणि फ्लेअरच्या वेळी (टेकण्याआधी नाक उचलताना) नजर धावपट्टीच्या लांबच्या टोकाला ठेवा.

१०. लॅपटॉप तापला की विमान वेगळंच वागतं. भास आहे का?

भास नाही. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो, फ्रेम रेट पडतो, आणि तुम्ही हात हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ वाढतो. त्या उशिरामुळे तुम्ही जास्त दुरुस्ती करता, मग उलटी दुरुस्ती, आणि विमान डोलायला लागतं. एक्स-प्लेनमध्ये फ्रेम रेट २० च्या खाली गेला की सिम स्वतःचं घड्याळच मंद करतं. ग्राफिक्स उतरवा, ढगांची गुणवत्ता आधी. हँडलिंगसाठी देखण्या ३० फ्रेमपेक्षा साध्या, स्थिर ६० फ्रेम बऱ्या. टीव्ही जोडला असेल तर त्याचा गेम मोड चालू करा.

११. सिममधला स्टॉल आणि स्पिन खरा असतो का?

साधा स्टॉल बऱ्यापैकी. सेसना १७२ स्वभावाने सौम्य: इशाऱ्याचा आवाज, थोडी थरथर, नाक हळूच खाली. पंख सरळ, फ्लॅप (पंखामागचे खाली उतरणारे भाग) वर, पॉवर बंद असताना सुमारे ४८ नॉटला, पूर्ण फ्लॅपसह ४० च्या आसपास. हे जमत असेल तर समाधान माना.

त्यापुढे सगळंच अवघड. स्टॉलनंतर पंखावरची हवा सुटते, एका पंखाची आधी, आणि तिचं वागणं क्षणाक्षणाला बदलतं. तिथली चाचणीतली माहितीही कमी असते. ही अडचण फक्त घरच्या सिमची नाही. २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं आणि अटलांटिकवर एअर फ्रान्सचं विमान पडलं. दोन्हींत पायलटांना स्टॉलमधून विमान बाहेर काढता आलं नाही. तोपर्यंत एअरलाइनच्या सिम्युलेटरमध्ये स्टॉलच्या तोंडापर्यंतचाच सराव व्हायचा. अमेरिकेत पूर्ण स्टॉलचं प्रशिक्षण सक्तीचं झालं, त्यासाठी सिम्युलेटरची मॉडेलंही सुधारावी लागली, आणि नियम लागू व्हायला २०१९ उजाडलं. कोट्यवधींच्या यंत्रांची ही कथा असेल तर घरच्या स्पिनवर किती भरवसा ठेवायचा ते ओळखा.

स्पिन (स्टॉल झालेलं विमान गरगरत पडणं) खरंच स्पिन आहे का, हे वेगावरून कळतं. विमान गरगरतंय आणि वेग कमी व जवळपास स्थिर आहे, तर स्पिन. वेग वाढत चाललाय तर ती स्पायरल डाइव्ह, म्हणजे स्टॉल न होता गोल फिरत मारलेला सूर. सिममध्ये "स्पिन" म्हणून जे दाखवलं जातं ते पुष्कळदा स्पायरलच असतं.

१२. एअरबस सोपं आणि खरं वाटतं, छोटं सेसना अवघड. उलट नको का?

एअरबस ए३२० घरी खरं वाटतं याला कारण आहे. त्याची साइडस्टिक (योकऐवजी बाजूला असलेली छोटी स्टिक) स्प्रिंगचीच असते, हवेचा जोर तिच्यावर खऱ्यातही येत नाही. १९८७ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या या विमानात स्टिक थेट एलेव्हेटर हलवत नाही, कॉम्प्युटरला मागणी करते. स्टिक सोडली की विमान आहे तो मार्ग धरून ठेवतं, ट्रिमही आपोआप होतं. प्रश्न ५ मधली अडचणच तिथे उरत नाही. अपवाद लँडिंगचा: सुमारे ५० फुटांवर फ्लेअर मोड येतो आणि कॉम्प्युटर मुद्दाम नाक हळूहळू खाली नेतो, म्हणजे पायलटला नेहमीसारखी स्टिक मागे ओढावी लागते. सिममध्ये तसं होत नसेल तर त्या ए३२० चं मॉडेल अपुरं आहे.

सोलापूर–गोवा मार्गावर आलेलं एटीआर ७२ याच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्याचे एलेरॉन (पंखाच्या टोकांकडचे, विमान कलतं करणारे भाग) आणि एलेव्हेटर हायड्रॉलिकच्या मदतीशिवाय, केबल आणि दांड्यांनी हलतात, त्यामुळे योक चांगलाच जड असतो. घरी ते खेळण्यासारखं हलकं वाटेल, आणि त्यात मॉडेल बनवणाऱ्याचा दोष नाही.

१३. टॅक्सी करताना विमान घसरतं, वाऱ्याने नाक फिरवतं. हे खरं का?

नाक वाऱ्याकडे वळणं खरं, पण प्रमाण बऱ्याच सिममध्ये जास्त असतं. टायर आणि जमीन यांचं गणित हा घरच्या सिमचा सगळ्यात कच्चा भाग. आडव्या वाऱ्याचा सराव करा, पण चाकं टेकल्यानंतरच्या धावेवरून स्वतःला मार्क देऊ नका.

१४. फोर्स फीडबॅक (मोटरने हाताला जोर देणारी जॉयस्टिक), व्हीआर (डोळ्यांवर लावायचा पडदा), हलणारी खुर्ची यांतलं काय घ्यावं?

हँडलिंगचंच बघायचं तर फोर्स फीडबॅक. त्यात मधली जागा खरोखर सरकते, वेगाबरोबर जोर वाढतो, आणि ट्रिम जसं असायला हवं तसं होतं. ती महाग असते, म्हणून पहिल्याच खरेदीत नको. व्हीआरने लँडिंग सुधारतं (कारण प्रश्न ९ मध्ये), पण त्याला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं.

हलणारी खुर्ची शेवटी. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातले भाते वापरून हलणारा ट्रेनर बनवला, तेव्हापासून अडचण तीच आहे: जमिनीवर बसून सतत २ जी (वजनाच्या दुप्पट दाब) देता येत नाही. मोठे सिम्युलेटरही खोली कलती करून शरीराला फसवतात. स्वस्त खुर्ची ती फसवणूक चुकीच्या वेळी करते, आणि त्यापेक्षा स्थिर खुर्ची बरी.

१५. खरे पायलट म्हणतात, विमान सिमपेक्षा सोपं असतं. खरं आहे?

सरळ उडवण्याबाबत हो. हाताला जोर, पाठीला दाब, कडेची नजर, इंजिनाच्या आवाजातला बदल हे सगळं मिळत असताना वेग ५ नॉटने घसरला तर इंडिकेटर न बघताही कळतं. घरी ती सगळी माहिती एकट्या डोळ्यांनी गोळा करावी लागते. म्हणून सिमवर तुमचं विमान जरा डोलत असेल तर नाउमेद होऊ नका.

१६. मुलगा रोज सिमवर असतो, त्याला पायलट व्हायचंय. हे तास धरले जातात का?

नाही. व्यावसायिक परवान्यासाठी डीजीसीएला (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यात घरच्या सिमचा एक मिनिटही धरत नाहीत. धरले तर मान्यताप्राप्त उपकरणावरचे ठरावीक तासच.

उपयोग मात्र आहे. चेकलिस्ट, रेडिओवरची भाषा, उपकरणांवर उडणं, नकाशे वाचणं हे घरी छान पक्कं होतं. तोटा एक: सिमवर वाढलेल्या मुलांची नजर उपकरणांना चिकटते, आणि इन्स्ट्रक्टरला पहिले काही तास ती बाहेर काढण्यात घालवावे लागतात. ताईदादांनो, त्याला आतापासूनच सांगा: नजर बहुतांश वेळ खिडकीबाहेर, आत फक्त ओझरती. पेडलवर पाय ठेवून उडायची सवय लावा.

१७. माझ्या विमानाचं हँडलिंग खरं आहे का, हे घरी कसं तपासू?

लाइव्ह वेदर बंद करा, वारा शून्य, प्रमाणित तापमान, पूर्ण वजन. मग सेसना १७२एस घेऊन तीन-चार गोष्टी बघा.

पॉवर बंद करून ६८ नॉट धरा. दर हजार फुटांना सुमारे दीड नॉटिकल मैल जायला हवं, उतरण्याचा दर मिनिटाला ७०० ते ८०० फूट. स्टॉलचे वेग प्रश्न ११ मध्ये दिलेत. भरपूर उंचीवर ६० अंशांचं सपाट वळण घ्या: भार २ जी होईल आणि स्टॉलचा वेग १.४१ पटीने वाढून ६८ च्या आसपास जाईल. हे भौतिकशास्त्र आहे, कुठल्याही सिमला यातून सुटका नाही.

माझी आवडती चाचणी मात्र फ्युगॉइडची. ९० नॉटला नीट ट्रिम करा, जॉयस्टिक ओढून वेग ८० वर आणा आणि सोडून द्या. नाक आपोआप खाली जाईल, वेग वाढेल, मग नाक वर येईल, आणि असे लांब, सावकाश झोके सुरू होतील. एक झोका साधारण २० ते ३० सेकंदांचा, आणि प्रत्येक पुढचा आधीपेक्षा लहान हवा. विमान पहिल्याच झोक्यात गप्प बसलं तर बनवणाऱ्याने त्याला कृत्रिम स्थिरता दिलीय. झोके वाढतच गेले तर वजनाचा समतोल फार मागे असू शकतो: सामान आणि प्रवासी कुठे बसवलेत ते बघा.

१८. आकडे जुळले नाहीत तर विमानाची फाइल मीच बदलू का?

बदलू शकता. एक्स-प्लेनबरोबर विमान बनवायचं प्लेन मेकर येतं, मायक्रोसॉफ्टमध्ये संपादनासाठी खुल्या विमानांच्या फ्लाइट मॉडेलच्या साध्या मजकुराच्या फाइली असतात. मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा. एका वेळी एकच आकडा बदला आणि प्रश्न १७ मधल्या सगळ्या चाचण्या पुन्हा करा, कारण हवेची ओढ कमी केली की क्रूझचा (सरळ उड्डाणाचा) वेग हँडबुकाशी जुळतो, पण ग्लाइड (इंजिनाशिवाय तरंगत उतरणं) वाजवीपेक्षा लांबतो. विकत घेतलेल्या विमानात तापमान, वजन, वेग आणि मिळालेला आकडा लिहून बनवणाऱ्यालाच कळवा. "फील बरोबर नाही" असं कळवलं तर त्यांना काहीच करता येत नाही. "१५ अंशांना, पूर्ण वजनात, ग्लाइड मिनिटाला ५०० फूट येतोय" असं कळवलं तर पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती होण्याची आशा असते.